नख येईपर्यंत थांबू नका, पण लंगडत धावूही नका

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे, नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहते, बँकेत नोकरी करते. दोन वर्षांपासून मैत्रिणींसोबत सकाळी अंबाझरीला चालायला जाते. जानेवारीपासून थोडं थोडं धावायलाही लागले आणि न थांबता पाच किलोमीटरपर्यंत पोचले. डिसेंबरात दहा किलोमीटर धावायचं मनाशी ठरवलं होतं. पण उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख वर्षभर कडेने मांसात घुसत होतं. दोनदा पू झाला, दोनदा गोळ्या घेतल्या. शेवटी सर्जननी अख्खं नख काढलं. आज १९ दिवस झाले. ड्रेसिंग सुटलं आहे, पण मोजा घातला की झोंबतं. त्या बोटाकडे मला बघवतसुद्धा नाही. मैत्रिणी म्हणतात, पंधरा दिवस झाले ना, चल आता. सासूबाई म्हणतात, नख येईस्तोवर बाहेर पडू नको, हळद-तेल लाव. सर्जननी 'हळूहळू सुरू करा' एवढंच सांगितलं. हळूहळू म्हणजे नेमकं किती? सगळी मेहनत वाया जाणार या विचाराने झोप लागत नाही. माझ्या आईला मधुमेह होता. माझी साखर मी दोन-तीन वर्षांत तपासलेली नाही, हेही सांगून ठेवते.

उत्तर : ताई, शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण मी तिथूनच सुरू करते. या आठवड्यात उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासून घ्या, सोबत तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसीसुद्धा करा. आईला मधुमेह, वय ४६ आणि एकाच बोटाला वर्षात दोनदा पू, एवढी कारणं पुरेशी आहेत. साखर वाढलेली असली तर जखम भरायला वेळ लागतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मला त्याहून जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली तर पायाची जाणीव कमी होत जाते, आणि माझा पुढचा सगळा सल्ला दुखण्याच्या भरवशावर उभा आहे. दुखलं तर थांबा, नाही दुखलं तर पुढे जा, असंच मी सांगणार आहे. पाय नीट सांगतच नसेल तर हा हिशेब कोलमडतो. साखर जास्त निघाली, तर धावायचं कधी हे माझ्या उत्तरावरून ठरवू नका, डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता तुमच्या मैत्रिणी आणि सासूबाई. दोघींचंही चुकतंय, कारण दोघीही दिवस मोजताहेत. एकीचे पंधरा दिवस, दुसरीचं नख येईस्तोवर. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला एक वर्ष, कधी दीड वर्ष लागतं. तेवढं थांबलात तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत घरातच बसाल, आणि त्याची काही गरजही नाही. वाट बघायची ती नखाची नाही, नखाखालच्या कातडीची. नख निघालं की ती उघडी पडते. सुरुवातीला ती ओली आणि हळवी असते. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांची सुकते, मग हळूहळू निबर होते. ती निबर झाली की नख नसतानाही चालता येतं, धावता येतं. मात्र ती कोणाची १६ दिवसांत होते, कोणाची ४० दिवसांत. तुमची कुठवर आली आहे हे कॅलेंडर सांगणार नाही, बोट सांगेल. म्हणून त्या बोटाकडे बघावं तर लागेलच.

उद्या सकाळी अंघोळीनंतर खिडकीजवळ उजेडात खुर्चीवर बसा. उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घ्या. एकटीने बघवत नसेल तर घरातल्या कोणाला तरी जवळ बसवा. लालभडक आणि ओलं दिसलं, तर अजून वेळ आहे. गुलाबी, कोरडं, किंचित चकाकणारं दिसलं, तर काम बरंच झालं आहे. मेणासारखी फिकट, थोडी जाडसर कातडी दिसू लागली, तर फारच छान. आता स्वच्छ सुती रुमाल बोटावर ठेवून वरून हलकेच दाबा, मग जरा जोरात. झोंबणं आणि ठणकणं यातला फरक तुम्हाला लगेच कळेल. झोंबणं म्हणजे नवी कातडी अजून हळवी आहे. दाबून सोडल्यावरही ठणका रेंगाळत असेल, तर बोट आतून अजून शांत झालेलं नाही. शेवटचं, रात्री झोपताना बोटाला कोरडा गॉझ सैलसर गुंडाळा आणि सकाळी बघा. डाग नसेल तर जखमेतून लस, म्हणजे पातळ पाणी, यायचं थांबलं. डाग असेल तर बूट घालून व्यायाम नको. घरातल्या घरात, सपाट जमिनीवर, पुढून उघड्या चपलेत फिरायला हरकत नाही.

एक गोष्ट सर्जनना विचारून घ्या. नख काढताना मुळाला फिनॉल, म्हणजे नखाचं मूळ जाळणारं रसायन, लावलं होतं का? नख वारंवार आत वाढत असेल तर तेवढ्या भागातलं नख पुन्हा उगवू नये म्हणून पुष्कळदा ते लावतात. बहुतेक वेळा त्यासाठी नखाची फक्त कड काढतात, तुमचं अख्खं काढलंय, म्हणून विचारा. फिनॉल लावलेलं असेल तर जखम जास्त दिवस ओली राहते, चार आठवडे, कधी सहासुद्धा. वर पिवळसर थर दिसतो आणि लोक त्याला पू समजून घाबरतात. तसं असेल तर तुमचं सगळं वेळापत्रक तेवढं पुढे ढकला आणि मैत्रिणींच्या पंधरा दिवसांकडे अजिबात लक्ष देऊ नका.

सासूबाईंची हळद दुधातून घ्या, जखमेवर नको. त्यांचा जीव तुमच्यासाठी तुटतो, ते खरं आहे. पण हळदीची पूड तेलात कालवून लावली की वर कडक पापुद्रा धरतो आणि खाली ओल तशीच राहते. शिवाय सगळं बोट पिवळं होतं. लाली वाढली का, पू आला का, हे त्या पिवळ्या रंगाखाली दिसतच नाही, आणि आपल्याला तर रोज तेच बघायचं आहे. त्याऐवजी साधं पेट्रोलियम जेलीचं पातळ बोट फिरवा आणि वर न चिकटणारी पट्टी लावा. केमिस्टकडे पॅराफिन गॉझ मागा, मिळतो. सर्जननी वेगळं मलम दिलं असेल तर अर्थातच ते.

आता मुद्द्याचं बोलते. मी २२ वर्षं फिजिओथेरपी करते आहे, आणि बोटाचं नख काढलेली माणसं माझ्याकडे बोट दुखतंय म्हणून येत नाहीत. दोन महिन्यांनी गुडघा दुखतोय म्हणून येतात. पाऊल उचलताना शेवटचा रेटा अंगठ्याचा असतो. आधी टाच टेकते, मग वजन चवड्यावर येतं, आणि जमीन सोडताना अंगठा मागे ढकलतो. तो दुखत असला की शरीर फार हुशारीने त्याला वाचवतं. पाऊल बाहेरच्या बाजूला वळतं, वजन करंगळीकडच्या कडेवर येतं, टाच लवकर उचलली जाते. आपल्याला वाटतं आपण छान चालतोय. दोन किलोमीटरला हजारभर वेळा असं तिरकं पाऊल पडतं, आणि भरपाई गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, कंबरेला, कधी दुसऱ्या पायाच्या पोटरीला करावी लागते. धरमपेठेतले एक गृहस्थ असेच आले होते. अंगठा केव्हाच बरा झाला होता, पण महिनाभर ते लंगडत जॉगिंग करत राहिले. लंगडणं नंतर सवयीचं झालं, ते मोडायला आम्हाला तीन महिने लागले. आणि हे सगळं बोट जरा लवकर बुटात घातल्यामुळे.

म्हणून ताई, तुमच्या 'हळूहळू म्हणजे किती'चं माझं उत्तर असं आहे : चाल बिघडत नाही तोवर. मिनिटं आणि किलोमीटर नंतर. हे तपासायला काही मोठं लागत नाही. मैत्रिणीला तुमच्या मागे उभं करा, मोबाईलवर तुमची वीस पावलं चित्रित करायला सांगा. दोन्ही टाचा सारख्या उचलल्या जातात का बघा, उजवं पाऊल बाहेर वळतंय का बघा. आवाजही ऐका. पहाटे रस्ता शांत असतो, दोन्ही पावलांचा आवाज सारखा यायला हवा. एक टप आणि एक फस्स असं ऐकू आलं तर त्या दिवशी तिथूनच घरी. आणि वेदनाशामक गोळी घेऊन कधीही चालायला किंवा धावायला जाऊ नका. ठणका झोपेतून उठवत असेल तर रात्री घ्या, पण व्यायामाच्या आधी घेतलीत तर जे कळायला हवं तेच कळणार नाही.

पहिले काही दिवस फक्त चाला. सुरुवात दहा मिनिटांनी, तीही सिव्हिल लाइन्समधल्या वॉकर्स स्ट्रीटसारख्या सपाट, डांबरी जागी. सिव्हिल लाइन्स तुम्हाला लांब पडेल हे मला कळतं, पण अंबाझरीची कच्ची वाट जुलैत चिखलाची आणि दगडगोट्यांची असते, आणि या घडीला तुम्हाला सगळ्यात जास्त भीती आहे ती ठेचेची. नख असताना ठेच लागली तर कळ येते. नख नसताना लागली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सेमिनरी हिल्स तर सध्या नकोच. चढताना काही होत नाही, पण फुटाळ्याकडे उतरताना प्रत्येक पावलाला बोट बुटाच्या टोकावर आपटतं. चढ-उतार अगदी शेवटी, धावणं पूर्ण जमल्यावर.

चालून आल्यावर संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोट बघा. लाली वाढली नाही, सूज नाही, ठणका नाही, तर पाच मिनिटं वाढवा. काही वाढलेलं दिसलं तर दोन दिवस सुट्टी आणि मग आधीइतकंच. तीस मिनिटं भराभर, अजिबात न लंगडता, सलग तीन-चार दिवस चालता आलं आणि दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभं राहून वीस वेळा टाचा उचलता आल्या, की धावायला सुरुवात करा. एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं वीस मिनिटं. एक दिवसाआड. धावण्याची मिनिटं हळूहळू वाढू द्या. सगळं सुरळीत गेलं तर साधारण ऑगस्टच्या शेवटी तुम्ही पुन्हा न थांबता धावत असाल. डिसेंबरला त्यानंतर तीन महिने उरतात. पाच किलोमीटर आधी धावून झालेल्या माणसाला दहासाठी तेवढे पुरतात.

मेहनत वाया जाणार म्हणून झोप लागत नाही असं लिहिलंत. दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीने दम थोडा कमी होतो, पण जो सहा महिने घामाने कमावला तो लवकर परतही येतो. शिवाय अंगठा सोडून बाकी शरीर रिकामं आहे. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, टाचा जमिनीत रोवून बोटं वर उचला आणि कंबर वर घ्या. मांड्या आणि नितंबांना चांगलं काम मिळतं, अंगठ्याला धक्काही लागत नाही. पाय सरळ ठेवून वर उचलणं, खुर्चीत बसून डंबेल्स, गुडघ्यांवर टेकून प्लँक, हे सगळं आजपासून चालेल. जिममधली एका जागची सायकलही चालेल, फक्त पॅडल चवड्याऐवजी पावलाच्या मध्यावर घ्या. त्यासाठी एखादा जुना कापडी बूट असेल तर अंगठ्यावरचं कापड कात्रीने कापून टाका. तो बूट रस्त्यावर मात्र घालू नका.

पोहणं, कातडी पूर्ण बंद होईपर्यंत नाही. दोरीवरच्या उड्या आणि बॅडमिंटन धावण्याच्याही नंतर. बॅडमिंटनमध्ये अचानक थांबताना पाय बुटात पुढे घसरतो आणि सगळा मार अंगठ्याच्या टोकावर येतो.

लोक फसतात ते योगासनांत. धावायचं नाही ना, मग सूर्यनमस्कार तरी घालते, असं तुमच्याही मनात येईल. सूर्यनमस्कारात पाय मागे नेताना बोटं दुमडून त्यांच्यावर भार येतो आणि भुजंगासनात पावलाची वरची बाजू, म्हणजे नेमकी नख काढलेली जागा, सतरंजीवर घासते. बारा नमस्कार म्हणजे तेवढ्या वेळा घासणं. वज्रासनातही तेच. सपाट रस्त्यावरच्या पंधरा मिनिटांच्या चालण्यापेक्षा या बोटाला सूर्यनमस्कार जड आहे. करायचेच असतील तर कातडी निबर झाल्यावर, आणि सतरंजीवर मऊ पंचाची घडी घालून.

बुटाबद्दल मला शंका आहे. नख वर्षभर आत घुसत होतं म्हणता, तर बूट पुढून अरुंद नाही ना? उभं राहून बघा : सगळ्यात लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याइतकी जागा उरली पाहिजे, आणि आतली बोटं मोकळी हलली पाहिजेत. नवा घ्यायचा तर संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. लेस वरच्या शेवटच्या भोकांतून ओवून घोट्याजवळ घट्ट बांधा, पुढे सैल राहू द्या. टाच जागेवर धरली गेली की पाय पुढे घसरत नाही. पावसात मोज्यांची एक कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत जवळ ठेवा. सुती मोजा एकदा भिजला की तासन्तास ओला राहतो, आणि ओलाव्यात फुगलेली पांढरी कातडी लवकर सोलते. पातळ सिंथेटिक मोजे या दिवसांत बरे. घरी आल्यावर बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा.

जोडवी घालत असाल तर उजव्या पायातलं सध्या काढून ठेवा. ते अंगठ्याच्या अगदी शेजारच्या बोटात असतं, चालताना त्याची कड घासते, आणि पाय सुजला तर निघतही नाही. घरात यावरून कोणी काही बोललं तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा. सासूबाईंना समजेल, त्यांना तुमचं बोट बरं व्हायलाच हवं आहे. तसंच टेकडी गणपतीला किंवा आणखी कुठे देवळात जाणार असाल तर ही जागा पूर्ण निबर होईपर्यंत अनवाणी नको. ओल्या फरशीवर शंभर माणसांच्या पायांची घाण असते, आणि गर्दीत कोणाचा पाय बोटावर पडेल सांगता येत नाही. गर्दीचं म्हणाल तर यंदा मारबतीची मिरवणूक टीव्हीवर बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत माणसाला माणूस खेटून असतो, आणि तोवर तुमचं नवं नख जेमतेम मुळाशी डोकावत असेल.

त्या नव्या नखाबद्दल एक गोष्ट, जी ऑपरेशननंतर फारशी कोणी सांगत नाही. नख बोटाच्या टोकावरचं मांस दाबून ठेवतं. नख गेलं की चालताना ते मांस पुढून वर उचललं जातं आणि काही महिन्यांत तिथे एक छोटा बांध तयार होतो. नवं नख वाढत आलं की त्या बांधावर अडतं आणि तुमचं जुनं दुखणं परत येतं. जखम पूर्ण भरल्यावर रोज अंघोळीच्या वेळी, बोटं ओली आणि मऊ असताना, हाताच्या अंगठ्याने ते टोकावरचं मांस खाली आणि पुढे दाबत दोन-तीन मिनिटं चोळा. हे पुढचे आठ-दहा महिने करायचं आहे. साबण लावतानाच करून टाका म्हणजे विसरणार नाही. नवं नख सुरुवातीला लाटा-लाटांचं, जाडंभरडं येईल. बहुतेकांचं पुढे सुधारतं, काहींचं थोडं जाड राहतं. कापताना सरळ कापा, कोपरे कोरू नका, आणि पार्लरमध्ये पेडिक्युअर करवत असाल तर तिथेही बसण्याआधीच हे सांगा. कोपऱ्यात मागे राहिलेला नखाचा बारीक अणकुचीदार तुकडाच पुढे मांसात घुसतो.

ही लक्षणं दिसली तर ना माझ्या पत्राची वाट बघायची, ना दुसऱ्या दिवसाची : लाली बोटावरून पावलाकडे सरकू लागली, पायावर लाल रेघ चढताना दिसली, थंडी वाजून ताप आला, दुर्गंधी किंवा घट्ट पू आला, किंवा कमी होत आलेला ठणका अचानक वाढला. सरळ सर्जनकडे, रात्र असली तरी दवाखान्यात. आणि ऑपरेशनच्या वेळी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं का, हे कागद काढून एकदा बघून घ्या.

उद्या सकाळी खिडकीजवळ बसून बोट बघा, आणि साखरेचा रिपोर्ट हातात आला की दोन ओळी लिहा. आकडे कसेही असोत, लिहा.